स्तनपानातील वेदना : कारणे आणि उपाय

नवजात बालकास मातेच्या दुधासारखे दुसरे अन्न नाही, हा विचार आता खेडोपाडी पोचला आहे. जन्मानंतर एका तासाच्या आत स्तनपान सुरू करावे, पहिले सहा महिने केवळ आईचेच दूध द्यावे आणि त्यानंतर पूरक आहाराबरोबर दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ ते चालू ठेवावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. तथापि हे सर्व ठाऊक असलेली मातादेखील पहिल्याच आठवड्यात बाळाला वरचे दूध देऊ लागते, असे पुष्कळदा घडते. त्यामागे अनिच्छा नसते, वेदना असते. स्तनाग्रे हुळहुळी होतात, त्यांना चिरा पडतात आणि बाळ जवळ घेण्याचीच तिला धास्ती वाटू लागते. ‘पहिलटकरणीला असे व्हायचेच’ अशी घरची मंडळी तिची समजूत घालतात. प्रारंभीच्या दिवसांत पाजावयास घेताना थोडे दुखणे स्वाभाविक आहे. परंतु पाजून होईपर्यंत टिकणारी वेदना आणि चिरा ही काहीतरी चुकत असल्याची खूण होय.

वेदनेचे मूळ

बहुतेक वेळा चूक असते ती बाळाला स्तनाशी धरण्याच्या पद्धतीत. बाळाच्या तोंडात केवळ स्तनाग्र गेले, तर ते हिरड्या व टाळू यांच्यामध्ये चेपले जाते. आईला दुखते आणि बाळालाही पुरेसे दूध मिळत नाही. म्हणून बाळाचे डोके व धड एका रेषेत ठेवून त्याचे पोट आईच्या पोटाला टेकेल असे धरावे. त्याने तोंड मोठे उघडताच स्तनाग्राभोवतालच्या काळसर वलयाचाही बराचसा भाग, विशेषतः खालच्या बाजूचा, तोंडात जाऊ द्यावा. हनुवटी स्तनाला टेकलेली व खालचा ओठ बाहेर वळलेला असला, म्हणजे पकड योग्य आहे असे समजावे. दुखत असल्यास बाळाला ओढून काढू नये; त्याच्या तोंडाच्या कोपऱ्यातून स्वच्छ बोट आत घालून पकड सोडवावी व पुन्हा प्रयत्न करावा. पाजून झाल्यावर दुधाचेच दोन थेंब स्तनाग्रास लावून वाऱ्याने सुकू द्यावेत. प्रत्येक वेळी साबणाने धुतल्यास त्वचा कोरडी पडून चिरा वाढतात.

दूध साठणे

तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास दूध भरून येते. या वेळी चीक फेकून देणे, मध किंवा साखरपाणी चाटविणे, बाटली लावणे, यांमुळे बाळ कमी ओढते. दूध साठून स्तन दगडासारखे कठीण होतात. दुखते म्हणून पाजणे थांबविल्यास दुखणे वाढते आणि पुढे दूधही आटते. यावर उपाय म्हणजे दिवसरात्र वारंवार पाजणे. पाजण्यापूर्वी हाताने थोडे दूध काढल्यास वलय मऊ होऊन बाळाला पकड घेता येते. पाजल्यानंतर थंड पाण्याच्या घडीने सूज उतरते. जोराने चोळणे मात्र टाळावे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

स्तनाचा भाग लाल व गरम होऊन ताप आला, गाठ राहिली वा पू दिसला, तर विलंब न करता प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. अशा दाहातही पाजणे सहसा चालूच ठेवावयाचे असते. उपचार टाळल्यास गळू होण्याचा संभव असतो. स्तनाग्राची आग होत असेल व बाळाच्या तोंडात पांढरे चट्टे असतील, तर बुरशीचा संसर्ग असू शकतो. त्यासाठी माता व बालक दोघांची तपासणी करून घ्यावी.

गावाची जबाबदारी

गृहभेटीद्वारे नवजात बालकाची काळजी घेण्याची योजना देशात 2011 मध्ये सुरू झाली. तिचा पाया गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने घातला. रुग्णालयात प्रसूती झालेल्या मातेकडे आशा स्वयंसेविकेने 3, 7, 14, 21, 28 व 42 व्या दिवशी जावे, अशी तीत तरतूद आहे. यांतील पहिली भेट नेमकी दूध भरून येण्याच्या सुमारासच येते. मात्र पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते आणि नोंद सासरच्या गावी असते. अशी बाळंतीण दोन्ही गावांच्या नजरेआड होऊ नये, म्हणून माहेरी आलेल्या गरोदर लेकीची माहिती आशांना वेळीच मिळेल, याकडे पंचायत सदस्यांनी लक्ष द्यावे. शिक्षकांनी पालकसभांत हा विषय संकोच न करता मांडावा. दूधभुकटी व बाटल्यांच्या जाहिरातींस 1992 च्या कायद्याने बंदी आहे. परंतु वेदनेने थकलेल्या मातेस कायद्यापेक्षा जाणत्या हाताचा आधार अधिक मोलाचा असतो. तो तिला पहिल्या आठवड्यातच मिळाला पाहिजे.