जिथे जमतं तिथून सुरुवात

अगं, पोर अभ्यासाला बसत नाही म्हणून तू त्याला आळशी म्हणतेस, तो शब्द आधी घरातून बंद कर. आळशी पोर सगळ्याच कामांत चालढकल करतं. हा सायकलची चेन एकटा बसवतो आणि गणिताची वही काढली की त्याला तहान लागते, पेन्सिलला टोक करायचं आठवतं, पोटात दुखायला लागतं. त्याला कष्टाचा कंटाळा नाही, चुकायची धास्ती आहे. मी जन्मभर पहिली ते चौथीचे वर्ग घेतले. अशी दोन-तीन मुलं दरवर्षी असायचीच.

तेव्हा नेमकं कुठे अडलंय ते शोध. तिसरीत आहे म्हणून तिसरीचंच पुस्तक पुढ्यात ठेवू नकोस. बालभारतीची पहिली-दुसरीची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट मिळतात. त्यातली उदाहरणं पाटीवर उतरवून दे, म्हणजे कोणत्या इयत्तेची ते त्याला दिसणार नाही. मागे मागे जात तो न अडखळता सोडवतो तिथे थांब आणि तिथून पुढे निघ. पाटीच घे. पाटीवरची चूक बोटाने पुसली की गेली. वहीतली लाल फुली मात्र रोज उघडून बघावी लागते.

संख्यांकडे विशेष लक्ष दे. 'त्रेसष्ट' म्हणताना तीन आधी ऐकू येतात आणि लिहायचे असतात सहा आधी. पोर ऐकलं तसं ३६ लिहून मोकळं होतं. 'एकोणसाठ'मध्ये तर साठ ऐकू येतात आणि लिहायचे ५९! बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'साठ तीन' असं वाचन दिलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. गणितज्ञ मंगला नारळीकर बाईंनी त्यामागचं कारण परोपरीने समजावून सांगितलं, आणि मला ते तंतोतंत पटलं होतं. तू घरी तेच कर. दहाच्या सहा नोटा, रुपयाची तीन नाणी मांड. आधी 'साठ आणि तीन' म्हणू दे, मग 'त्रेसष्ट'.

एका बैठकीला दहा-पंधरा मिनिटं पुरे. पाच उदाहरणं दिलीस तर तीन हमखास जमणारी असू देत, आणि शेवटचं जमणारंच असू दे. शेजारी बस, पण पोलिसासारखी नको. तुझी भाजी निवड, हिशोब लिही. 'शाब्बास, हुशार आहेस' म्हणण्यापेक्षा 'हातचा विसरला नाहीस' असं म्हण, म्हणजे काय बरोबर केलं ते त्याला कळतं. ताईचे मार्क त्याच्यासमोर काढू नकोस.

शाळेतून आला की दारातच 'अभ्यास किती दिलाय?' विचारू नकोस. खाऊ दे, खेळू दे.

डोळे आणि कान मात्र लगेच तपासून घे. फळ्यावरचं दिसत नाही हे मुलं सांगत नाहीत, सगळ्यांनाच तसं दिसतं असं त्यांना वाटतं. आणि काही महिने असं बसूनही अक्षरं उलटसुलट होत राहिली, तोंडी सगळं येतं पण कागदावर उतरत नाही असं दिसलं, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घे. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात ती होते. लोक काय म्हणतील म्हणून हे टाळू नकोस. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अडचणीचा समावेश आहे, आणि प्रमाणपत्र असलं की दहावीला जादा वेळ मिळतो, गरज असेल तर लेखनिकही मिळतो.

शाळेत बाईंना एकदा एकटीने भेट, त्याला बरोबर नेऊ नकोस. तक्रार करू नकोस, एवढंच माग: वर्गात मोठ्याने वाचायला उभं करणार असाल तर कोणता उतारा ते आदल्या दिवशी सांगा. आणि त्या रात्री तो उतारा तुम्ही दोघं आळीपाळीने वाचा, एक वाक्य तू, एक तो.