औषध कोणाला लागू पडणार? हिपॅटायटिस सी आणि अंदाजाचे गणित



गणिताच्या तासाला आपण मुलांना म्हणतो, "आधी अंदाज करा, मग मोजा." डॉक्टरांनाही असाच अंदाज करावा लागतो. त्याचं एक चांगलं उदाहरण म्हणजे हिपॅटायटिस सी. आज ते समजून घेऊया.

आजार कोणता?

हिपॅटायटिस सी हा विषाणू यकृतावर हल्ला करतो. तो १९८९ साली ओळखला गेला. तो दूषित रक्तातून पसरतो. न तपासलेलं रक्त, पुन्हा वापरलेली सुई, निर्जंतुक न केलेली गोंदणाची सुई ही त्याची वाट. एका ताटात जेवल्याने किंवा शेजारी बसल्याने तो होत नाही. काही जणांच्या शरीरातून तो आपोआप निघून जातो. सहा महिन्यांनंतरही राहिला तर त्याला दीर्घकालीन आजार म्हणतात. वर्षानुवर्षं काही त्रास जाणवत नाही, पण आतून यकृत कडक होत जातं.

अंदाजाची गरज का पडली?

साधारण २००१ नंतर दहा-बारा वर्षं मुख्य उपचार एकच होता. आठवड्याला पेगिलेटेड इंटरफेरॉनचं एक इंजेक्शन आणि रोज रायबाव्हिरिनच्या गोळ्या. विषाणूचा प्रकार १ असेल तर ४८ आठवडे, प्रकार २ किंवा ३ असेल तर २४ आठवडे. ताप, अंगदुखी, रक्त कमी होणं, मन उदास होणं हे सगळं सोसायचं. एवढं करून प्रकार १ चे निम्म्याच्या आसपास रुग्ण बरे व्हायचे, प्रकार २ आणि ३ चे साधारण चारपैकी तीन.

मग रुग्ण विचारणारच ना, "डॉक्टर, मला लागू पडेल का?"

सुरुवातीचा अंदाज

डॉक्टर काही गोष्टी बघायचे. विषाणूचा प्रकार, रक्तातलं विषाणूचं प्रमाण, यकृत किती खराब झालंय, वय आणि वजन. २००९ मध्ये आणखी एक खूण सापडली, आयएल-२८बी या जनुकाजवळची. तिथे प्रत्येकाला आईकडून एक आणि वडिलांकडून एक अक्षर मिळतं, सी किंवा टी. प्रकार १ च्या रुग्णांमध्ये सी-सी असणारे टी-टी असणाऱ्यांपेक्षा साधारण दुप्पट प्रमाणात बरे होत होते. पण टी-टी असूनही काही जण बरे व्हायचे, हे विसरू नका.

बारावा आठवडा

त्याहून भरवशाचा अंदाज मिळायचा तो उपचार सुरू झाल्यावर. चौथ्या आठवड्यातच रक्तात विषाणू सापडेनासा झाला तर आशा खूप वाढायची. बाराव्या आठवड्यात नियम असा होता की, विषाणूचं प्रमाण निदान १०० पटींनी कमी झालं पाहिजे. म्हणजे २० लाख असेल तर २० हजारांवर यायला हवं.

आता गंमत बघा. ज्यांचं प्रमाण एवढं कमी झालं नाही, ते बरे होण्याची शक्यता जवळजवळ नसायची, म्हणून औषध थांबवायचे. पण ज्यांचं कमी झालं, ते सगळे बरे व्हायचे का? नाही, साधारण तीनपैकी दोघे. म्हणजे "नाही" हे उत्तर पक्कं आणि "हो" हे उत्तर कच्चं. एकाच चाचणीच्या दोन उत्तरांवर सारखाच भरवसा ठेवता येत नाही. आपल्या घटक चाचण्यांचे निकाल वाचतानाही हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

मग काय बदललं?

२०१३ च्या शेवटी अमेरिकेत सोफोसबुव्हिर या गोळीला मान्यता मिळाली. पुढे तिच्यासोबत डॅक्लाटास्विर किंवा वेल्पाटास्विर देऊ लागले. बहुतेकांना १२ आठवडे, फक्त गोळ्या. यात ९५ टक्क्यांच्या आसपास रुग्ण बरे होतात. आयएल-२८बी ची खूण आता फारशी बघावी लागत नाही. यकृत किती खराब झालंय आणि आधी कोणते उपचार झालेत हे मात्र आजही बघतात. आपल्या देशात प्रकार ३ जास्त आढळतो. त्यात यकृत फार कडक झालेलं असेल तर उपचार लांबवावा किंवा वाढवावा लागू शकतो.

आता मुद्द्याची गोष्ट. "तुम्हाला औषध लागू पडत नाही" असं ज्यांना तेव्हा सांगितलं गेलं, त्यांच्यापैकी बहुतेक जण आज बरे होऊ शकतात. तो अंदाज त्या औषधाबद्दलचा होता, त्या माणसाबद्दलचा नव्हता. तुमच्या घरात किंवा ओळखीत असं कोणी असेल तर त्यांना पुन्हा डॉक्टरांकडे पाठवा. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ठरावीक सरकारी केंद्रांवर तपासणी आणि औषधं मोफत मिळतात.

वर्गासाठी उपक्रम (इयत्ता ५ वी पुढे)

१) ५० लाखांची १०० पट घट म्हणजे किती? मुलांना आधी अंदाज करू द्या, मग भागाकार.
२) "अंदाज चुकला म्हणजे अंदाज करणं वाया गेलं का?" यावर प्रत्येकाने पाच वाक्यं लिहावीत.

मुलांची उत्तरं कशी आली ते जरूर कळवा.