ताटातून न हलणारं लक्ष

प्रश्न : माझी पुतणी अकरावीत आहे. वर्षभरात तिचं जेवण फारच कमी झालं. डॉक्टरांनी खाण्यासंबंधीचा मानसिक आजार असल्याचं सांगितलं. आता समुपदेशक तिच्याकडून लक्ष वळवण्याचे व्यायाम करून घेतात. आम्ही सेवाग्रामजवळचे, जेवताना लक्ष ताटात असावं, हे लहानपणापासून ऐकत आलो. मग यात नवं काय? आणि याने ती जेवायला लागेल का?
— एक वाचक, जि. वर्धा

उत्तर : तुमच्या पुतणीचं लक्ष ताटावरून उडालेलं नाही. ते तिथून हलतच नाही, हेच तिचं दुखणं आहे. पोळीला तूप किती लागलं, भाजीवर तर्री किती आली, पोट पुढे दिसतं का, हाच हिशेब दिवसभर डोक्यात चालू असतो.

तुम्ही सेवाग्रामची शिकवण आठवलीत, तिच्याबद्दल आधी. गांधीजी 1936 मध्ये सेवाग्रामला, म्हणजे तेव्हाच्या शेगावला, राहायला आले. आश्रमाच्या एकादश व्रतांत ‘अस्वाद’ होतं : जिभेचे चोचले पुरवायला नव्हे, शरीर चालावं म्हणून खायचं. निरोगी माणसाने स्वतःहून घेतलेलं ते व्रत आहे. या आजारात मात्र ‘मला चव नकोच’, ‘आज उपवास आहे’ ही वाक्यं आजाराचीच ढाल होऊ शकतात. तिला गोरसपाकाचा, म्हणजे वर्ध्याच्या त्या तुपाळ बिस्किटाचा, तुकडा पुन्हा निर्धास्तपणे खाता यावा, हे उपचाराचं ध्येय.

आता व्यायामाबद्दल. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ एड्रियन वेल्स यांनी 1990 मध्ये अशी एक पद्धत मांडली, ती मुळात चिंतेच्या विकारांसाठी. साधारण बारा मिनिटं बसायचं आणि आवाज ऐकायचे. आधी फक्त पंख्याचा, मग फक्त रस्त्यावरच्या गाड्यांचा. मग एकावरून दुसऱ्यावर झटपट जायचं. शेवटी सगळे एकदम ऐकायचे. मधे वजनाचा विचार आला तर त्याला हाकलायचं नाही. तोही एक आवाज समजून चालू द्यायचा. लक्ष कुठे ठेवायचं हे आपल्या हातात आहे, हा अनुभव यातून येतो.

आरशापुढेही असंच काम करून घेतात. नेदरलँड्समधल्या अनिता यान्सन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं, की खाण्याच्या तक्रारी असलेल्यांची नजर स्वतःच्या न आवडणाऱ्या अवयवांवर आणि दुसऱ्याच्या सुंदर अवयवांवर जास्त खिळते. तक्रार नसलेल्यांचं नेमकं उलट. म्हणून समुपदेशकाच्या सोबतीने सगळं शरीर समतोल नजरेने पाहायला शिकवतात.

पण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट आहे : एवढ्याने ती जेवायला लागणार नाही. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 मध्ये 36 धडधाकट तरुणांना काही महिने अपुऱ्या जेवणावर ठेवलं होतं. त्यांना असा कुठलाच आजार नव्हता. तरी ते दिवसरात्र अन्नाबद्दलच बोलू लागले. काहीजण पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. उपाशी मेंदू अन्नाला चिकटतोच. म्हणून आधी नियमित जेवण, वजनाची भरपाई आणि डॉक्टरांची देखरेख. किशोरवयात घरच्यांना सोबत घेऊन केलेला उपचार महत्त्वाचा. लक्षाचे व्यायाम हे जोडीला. या आजारात त्यांचा पुरावा अजून मर्यादित आहे.

घरी तुम्ही काय कराल? तिच्यासोबत जेवायला बसा. ‘किती वाळलीस’ किंवा ‘आता बरी भरलीस’, दोन्ही टाळा. पानावर शेतातलं बोला, कॉलेजचं बोला. बळजबरी किंवा टोमणे नकोत, पण जेवणाची वेळही चुकवू देऊ नका. चक्कर, बेशुद्धी, वारंवार उलट्या, छातीत धडधड किंवा जीव नकोसा झाल्याची भाषा दिसली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता थेट दवाखाना गाठा. मन मोकळं करायला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा 14416 हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो. तो घरातल्या काळजी घेणाऱ्यांसाठीही आहे. गरज वाटली तर तुम्हीही फोन करा.