मुगावरील केवडा रोग : विषाणूतील एका प्रथिनाचे कार्य

आळंद तालुक्याची ओळख तुरीमुळे आहे. कलबुरगीच्या तूरडाळीस २०१९ साली भौगोलिक मानांकन लाभले, ते याच काळ्या जमिनीचे श्रेय होय. तथापि मृगाच्या पावसावर पेरला जाणारा मूग आणि उडीद यांचे महत्त्व लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने काही निराळेच आहे. तूर हाती येण्यास मार्गशीर्ष-पौष उजाडतो. मूग मात्र पोळ्याच्या आगेमागे निघतो आणि सणासुदीचा पहिला पैसा घरात आणतो. त्यामुळे या पिकावर केवडा पडला, म्हणजे केवळ एक पीक बुडते असे नाही, तर पुढील तीन-चार महिन्यांची तजवीजच कोलमडते.

प्रथम कोवळ्या पानांवर बारीक पिवळे ठिपके दिसतात. ते पसरून हिरव्या-पिवळ्या रंगाची नक्षी उमटते व अखेरीस संपूर्ण पान केवड्याच्या पातीसारखे पिवळे होते. शेंगा थोड्या लागतात, त्याही आखूड व पिवळट. पेरणीनंतर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत रोग आला, तर त्या झाडापासून उत्पन्नाची आशा धरू नये. या भागातील कन्नड भाषिक शेतकरी यास हळदी नंजू रोग म्हणतात. मराठी पुस्तकांतून पिवळा मोझॅक असेही नाव आढळते. नावाच्या साधर्म्यामुळे एक घोटाळा मात्र नेहमी होतो. बाजरीवरील केवडा, ज्यास गोसावी असेही म्हणतात, तो बुरशीसदृश जीवामुळे होतो. मुगावरील केवडा विषाणूजन्य आहे. बाजरीच्या केवड्याचे औषध मुगावर फवारल्यास पैसा मातीत जातो. तसेच तुरीवरील वांझ रोगही विषाणूचाच असला, तरी तो आरएनए प्रकारचा असून त्याचा प्रसार सूक्ष्म कोळी करतो. पुढील विवेचन त्यास लागू पडत नाही.

मुगावरील या रोगाची नोंद दिल्ली येथे १९५५ साली झाली व नरियाणी यांनी १९६० साली ती प्रसिद्ध केली. रोगाचा प्रसार पांढरी माशी करते, हे तेव्हाच ध्यानात आले होते. परंतु पांढऱ्या माशीने पसरणाऱ्या वनस्पति-विषाणूंच्या कणात डीएनएचा एकेरी धागा असतो, ही गोष्ट १९७७ साली, घेवड्यावरील अशाच एका विषाणूच्या अभ्यासातून सिद्ध झाली. हा कण दोन दाणे जोडावे तसा जुळा असतो. त्याची लांबी एवढी थोडी, की एका मिलिमीटरमध्ये असे तीस हजारांहून अधिक कण ओळीने मावतील. मुगाच्या विषाणूचा आनुवंशिक ठेवा दोन वर्तुळाकार डीएनए रेणूंत वाटलेला असून प्रत्येकात सुमारे २,७०० अक्षरे असतात. मुगाच्या स्वतःच्या पेशीकेंद्रकात अशी कोट्यवधी अक्षरे असतात, हे लक्षात घेतले म्हणजे या शत्रूची शिदोरी किती लहान आहे याची कल्पना येईल.

शिदोरी लहान असल्यामुळे विषाणूस डीएनएची प्रत काढणारे विकर स्वतःजवळ बाळगणे परवडत नाही. ते तो मुगाच्या पेशीकडूनच उसने घेतो. येथे एक अडचण उभी राहते. पूर्ण वाढलेल्या पानातील पेशी विभागणे थांबवितात. त्यांतील प्रत काढण्याची यंत्रणा बंद असते. बंद कारखान्यात शिरून तो पुन्हा चालू करावयाचा आणि त्यातून स्वतःचाच माल काढावयाचा, असे हे काम आहे. विषाणू हे काम मुख्यतः एकाच प्रथिनाकडून करून घेतो. शास्त्रज्ञ त्यास ‘रेप’ प्रथिन म्हणतात. सुमारे साडेतीनशे अमायनो आम्लांची ही एक साखळी होय.

रेपची कामे एकामागून एक होतात. विषाणूच्या डीएनएवर काही ठराविक अक्षरांचा लहानसा गट पुन्हापुन्हा आलेला असतो. कुलपाला किल्ली बसावी तसे रेप तेथे जाऊन बसते. जवळच डीएनएचा एक फुगवटा असतो व त्याच्या टोकाशी टी-ए-ए-टी-ए-टी-टी-ए-सी अशी नऊ अक्षरे असतात. या कुळातील विषाणूंत ती सर्वत्र जवळजवळ सारखीच आढळतात. रेप सातव्या व आठव्या अक्षरांच्या मध्ये धागा कापते आणि कापलेले टोक स्वतःशी जोडून धरते. त्यानंतर पेशीचे विकर रिळावरून दोरा उलगडावा तसा जुना धागा सोडवीत नवा धागा विणत जाते. दोन पदरी गोफ पुढे उकलण्याचे बळही रेपच्याच दुसऱ्या टोकाकडून मिळते. शिवाय पेशीची विभागणी रोखून धरणारे एक प्रथिन असते. त्यास रेप बिलगते व त्यामुळे बंद यंत्रणा जागी होते.

इतकी कामे एका प्रथिनावर सोपविली असल्यामुळेच त्यातील फेरबदल, म्हणजेच उत्परिवर्तन, हा अभ्यासाचा विषय ठरला. टोमॅटोची पाने पिवळी पाडून मुरडणाऱ्या विषाणूवर १९९५ साली झालेले प्रयोग या बाबतीत बोलके आहेत. त्याच्या रेपमध्ये १०३ व्या स्थानी टायरोसिन हे अमायनो आम्ल असते. त्याच्या जागी फेनिलअॅलॅनिन बसविले असता धागा कापणे बंद पडले. या दोन आम्लांत केवळ एका ऑक्सिजन अणूचा फरक आहे आणि जनुकातील तीन अक्षरांपैकी मधले एकच अक्षर पालटले की तो घडतो. परंतु कापलेले टोक नेमके त्याच ऑक्सिजनला जोडले जाते; तो गेला की हातच तुटला. तसेच २२७ व्या स्थानी असलेले लायसिन बदलले असता ऊर्जा वापरण्याची क्षमता नष्ट झाली व प्रती निघेनाशा झाल्या.

भारतात हे काम मूग-उडीदवर्गीय विषाणूवरच झाले, ही समाधानाची बाब म्हटली पाहिजे. नवी दिल्ली येथील आंतरराष्ट्रीय आनुवंशिक अभियांत्रिकी व जैवतंत्रज्ञान केंद्रातील संशोधकांनी २००१ साली उडदावरून मिळविलेल्या विषाणूच्या रेपचे गुणधर्म तपासले. २००४ साली त्यांनी याच विषाणूचा डीएनए किण्वाच्या, म्हणजे पाव फुगविणाऱ्या यीस्टच्या, पेशीत वाढवून दाखविला. याचा लाभ असा, की रेपमध्ये मुद्दाम केलेला बदल तपासण्यास उडदाचे झाड वाढेपर्यंत थांबण्याचे कारण उरले नाही. २००६ साली त्यांनी असेही दाखविले, की गोफ उकलण्याचे काम एकटे रेप करीत नाही. अनेक रेणू एकत्र येऊन कडे तयार होते तेव्हाच ते होते. म्हणजे एकमेकांस धरण्याच्या जागेत बिघाड झाला, तरी विषाणू अडतो.

यावरून कोणी असे म्हणेल, की रेप इतके नाजूक असेल तर विषाणू आपोआपच दुबळा होत जावा. तसे होत नाही. मक्यावरील रेषा रोगाच्या विषाणूवर केप टाऊन येथे झालेला व २००५ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग या दृष्टीने मुळातून समजून घेण्यासारखा आहे. पेशीतील रोधक प्रथिनास बिलगणाऱ्या रेपच्या भागात तेथील शास्त्रज्ञांनी तीन अक्षरे बदलली. मक्यावर लक्षणे सौम्य दिसू लागली. परंतु त्या झाडांतून विषाणू पुन्हा काढून वाचला, तेव्हा अनेक ठिकाणी तीनपैकी एक अक्षर पूर्ववत झालेले आढळले. माणसाने केलेली मोडतोड विषाणूने झाडातच दुरुस्त केली होती. यात जाणीवपूर्वक काही नसते. असंख्य प्रती निघतात, त्यांत चुका होतात, ज्या चुकीमुळे प्रत अधिक निघते तीच पुढे उरते. या कुळातील विषाणूंत दर दहा हजार अक्षरांमागे वर्षास सुमारे तीन बदल टिकून राहतात, असा हिशेब टोमॅटोच्या विषाणूवरून मांडला गेला आहे. डीएनए विषाणूच्या मानाने हा वेग फार मोठा आहे.

दुसरा मार्ग मिसळीचा. एकाच झाडात दोन जातींचे विषाणू शिरले, तर त्यांच्या डीएनएचे तुकडे एकमेकांत जोडले जातात. आणि असे सांधे आरंभस्थानाजवळ व रेपच्या जनुकात विशेष आढळतात. वर सांगितलेल्या कुलूप-किल्लीचा येथे संबंध येतो. कुलूप व किल्ली शेजारी असल्यामुळे ती दोन्ही मिळून उचलली जाऊ शकतात व नवा विषाणू अडत नाही.

वाणांची रोगप्रतिकारशक्ती का टिकत नाही, याचा विचार करताना ही चपळाई डोळ्यांपुढे ठेवावी लागते. अर्थात सर्व दोष रेपवर टाकणे शास्त्रास धरून होणार नाही. विषाणूची इतर प्रथिने आणि माशीच्या जाती यांचाही वाटा असतो. भेंडीचे उदाहरण मराठी वाचकांस जवळचे आहे. भेंडीच्या शिरा पिवळ्या पाडणारा रोग मुंबई इलाख्यात १९२४ साली नोंदला गेला व १९४० साली उप्पल, वर्मा आणि कपूर यांनी तो विषाणूजन्य असल्याचे दाखविले. त्यावर उपाय म्हणून परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठाने रानभेंडीशी संकर करून ‘परभणी क्रांती’ हा वाण १९८० नंतरच्या दशकात दिला. त्याने अनेक वर्षे शेतकऱ्यांस हात दिला. पुढे मात्र त्याच्यावरही हा रोग दिसू लागला. वाणात खोट होती असे नव्हे. गावोगावी तोच एक वाण वर्षानुवर्षे उभा राहिला, म्हणजे विषाणूसमोर एकच कुलूप राहते आणि ते उघडणारी चूक केव्हा तरी घडतेच.

म्हणून आळंद, बसवकल्याण, उमरगा, अक्कलकोट या सलग पट्ट्यात एकाच प्रतिकारक्षम वाणावर सर्व क्षेत्र आणू नये. दोन-तीन शिफारशीचे वाण आलटूनपालटून घ्यावेत. पहिल्या तीन आठवड्यांत पिवळे झालेले झाड दिसताच उपटून पुरावे, कारण प्रत्येक रोगट झाड म्हणजे नव्या चुकांचा कारखाना असतो. बांधावरील तण काढावे, पिवळे चिकट सापळे लावून माशीवर नजर ठेवावी. एकच कीटकनाशक वारंवार फवारल्यास माशीही त्यास सरावते. झाडात शिरलेल्या विषाणूवर कोणतेही फवारणीचे औषध नाही, हे कृषी सहायकांनी सभेत स्पष्ट सांगितले पाहिजे. दुकानदाराकडून याच्या उलट सांगितले जाण्याचा संभव असतो.

प्रतिकारक्षम म्हणून घेतलेल्या वाणावरच केवडा आढळल्यास ती बाब बियाण्याच्या तक्रारीपुरती मर्यादित ठेवू नये. अशा झाडाची कोवळी पाने, वाणाचे नाव, पेरणीची तारीख व शेजारच्या पिकांची नोंद यांसह जवळच्या कृषी संशोधन केंद्राकडे पोहोचवावीत. आता पानातील विषाणूचा डीएनए प्रयोगशाळेत अक्षरशः वाचता येतो. आणि रेपच्या जनुकात कोणते अक्षर कोठे बदलले आहे, हे पुढील हंगामाची पेरणी होण्यापूर्वी कळू शकते.