संघाचा धनी : मालक की विश्वस्त?

खेळाच्या गोष्टी सांगताना आपण खेळाडूंचा पराक्रम वर्णन करतो, कर्णधाराचे चातुर्य वाखाणतो, क्वचित पंचाच्या निःपक्षपातीपणाचाही उल्लेख करतो. परंतु मोठ्या व्यावसायिक संघांच्या पाठीमागे आणखी एक व्यक्ती उभी असते. ती मैदानात उतरत नाही, तिच्या नावावर एकही धाव लागत नाही. तरीही संघात कोणास घ्यावे, त्यास वेतन किती द्यावे, संघाने कोणत्या गावी राहावे, हे अखेर तिच्याच शब्दावर ठरते. ही व्यक्ती म्हणजे संघाचा मालक. चांगला मालक कोणास म्हणावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

हा प्रश्न आपल्याला अगदीच परका नाही. इंदूरच्या होळकर संघाचे नाव पुष्कळ वाचकांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले असेल. महाराजा यशवंतराव होळकर यांच्या आश्रयाखाली कर्नल सी. के. नायडू, मुश्ताक अली यांच्यासारखे नामवंत खेळाडू या संघातून खेळले, आणि १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात त्याने चार वेळा रणजी करंडक जिंकला. पुढे संस्थाने विलीन झाली, राजाश्रयाचा काळ सरला आणि १९५५ नंतर होळकर संघाचे नाव स्पर्धेतून नाहीसे झाले. खेळाडू, मैदान व प्रेक्षक होते तेथेच राहिले. संघ मात्र राहिला नाही. तेव्हा संघ खरोखर कोणाचा असतो? धन्याचा, खेळाडूंचा, की गावाचा?

या प्रश्नाच्या अभ्यासास अमेरिकेतील बेसबॉल हा खेळ विशेष सोयीचा आहे. सिनसिनाटी येथील संघाने १८६९ मध्ये आपल्या खेळाडूंना उघडपणे वेतन देण्यास आरंभ केला आणि १८७६ मध्ये नॅशनल लीग ही व्यावसायिक संघांची संघटना स्थापन झाली. म्हणजे संघाच्या खाजगी मालकीचा दीडशे वर्षांचा अनुभव तेथे साठलेला आहे, आणि त्यात भल्याबुऱ्या दोन्ही प्रकारचे धनी आढळतात.

खेळाची तोंडओळख

बेसबॉल हा क्रिकेटचा दूरचा भाऊबंद म्हणता येईल. प्रत्येक संघात नऊ खेळाडू असतात आणि सामना नऊ डावांचा असतो. मैदानात चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार बेस असून लगतच्या दोन बेसमधील अंतर ९० फूट असते. चेंडू टाकणाऱ्यास पिचर म्हणतात. त्याचा चेंडू जमिनीवर टप्पा न घेता फलंदाजाकडे येतो. योग्य चेंडू तीनदा हुकला तर फलंदाज बाद होतो. चेंडू टोलवून, क्रमाने बेस गाठीत जो पुन्हा मूळ जागी परततो, त्याच्या संघास एक धाव मिळते. तीन गडी बाद झाले की दुसऱ्या बाजूची पाळी येते. पुढील विवेचनास एवढी माहिती पुरेशी आहे.

पहिली कसोटी : खेळाडू

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बेसबॉलच्या करारांत असे एक कलम असे की, कराराची मुदत संपली तरी खेळाडूवरील हक्क त्याच संघाकडे राहावा. खेळाडूस आपखुशीने दुसरीकडे जाता येत नसे. मालकाला मात्र त्याची अदलाबदल करता येई. सेंट लुईसच्या संघात बारा हंगाम खेळलेले कर्ट फ्लड यांना १९६९ मध्ये असेच फिलाडेल्फियाला देऊन टाकण्यात आले. त्यांनी नकार दिला. आपण खरेदी-विक्रीची वस्तू नाही, असे त्यांनी बेसबॉलच्या आयुक्तांना लिहून कळविले आणि न्यायालयात धाव घेतली. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी निकाल त्यांच्या विरुद्ध दिला. पुढे १९७५ मध्ये एका लवादाच्या निर्णयाने त्या कलमाची पकड सुटली. परंतु तोवर फ्लड यांची कारकीर्द संपली होती. त्यांनी लावलेल्या झाडाची फळे इतरांनी चाखली.

याच खेळात मालकीचा अधिकार न्यायासाठी वापरल्याचेही उदाहरण आहे. सुमारे साठ वर्षे अमेरिकेच्या प्रमुख संघांत कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रवेश नव्हता. तसा लेखी नियम नव्हता. मालकांचा अलिखित एकोपा होता. ब्रुकलिन डॉजर्स संघाचे अध्यक्ष व भागीदार ब्रँच रिकी यांनी तो मोडला. त्यांनी १९४५ मध्ये जॅकी रॉबिन्सन यांच्याशी करार केला, १९४६ मध्ये त्यांना माँट्रियल येथील दुय्यम संघात खेळविले, आणि १५ एप्रिल १९४७ रोजी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या मैदानात उतरले. अपमान झाले तरी उलट हात उगारावयाचा नाही, असे वचन रिकी यांनी त्यांच्याकडून घेतले होते. ते पाळण्याचे कष्ट अर्थातच रॉबिन्सन यांना सोसावे लागले. त्यांचा ४२ हा क्रमांक १९९७ मध्ये सर्व प्रमुख संघांनी त्यांच्या सन्मानार्थ राखून ठेवला.

मात्र अभ्यासकाने नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. रॉबिन्सन ज्या कॅन्सस सिटी मोनार्क्स या कृष्णवर्णीयांच्या संघात खेळत होते, त्या संघास रिकी यांनी काहीही मोबदला दिला नाही. नेवार्क ईगल्स या तशाच एका संघाच्या मालक एफा मॅन्ली या बाईंना ही रीत अमान्य होती. १९४७ मध्येच क्लीव्हलँडचे मालक बिल वेक यांनी लॅरी डोबी या त्यांच्या खेळाडूस घेतले, तेव्हा बाईंनी मोबदल्याचा आग्रह धरला आणि वेक यांनी तो दिला. बेसबॉलच्या कीर्तिमंदिरात स्थान मिळविणारी पहिली स्त्री म्हणून २००६ मध्ये एफा मॅन्ली यांचाच गौरव झाला. एकास न्याय देताना दुसऱ्याच्या हक्कावर पाय पडू नये, हे चांगल्या मालकाने रिकी यांच्या थोर कार्यातूनही शिकावे.

दुसरी कसोटी : गाव

रिकी १९५० मध्ये ब्रुकलिनमधून बाहेर पडले आणि संघाची सूत्रे वॉल्टर ओमॅली यांच्या हाती आली. १९५५ मध्ये संघाने ब्रुकलिनला अजिंक्यपद मिळवून दिले. परंतु १९१३ साली उघडलेले जुने मैदान अपुरे पडत होते, आणि नव्या मैदानासाठी ओमॅली यांना हवी असलेली जागा शहराने दिली नाही. १९५७ चा हंगाम संपताच त्यांनी संघ उचलून देशाच्या दुसऱ्या टोकाला, लॉस एंजेलिस येथे नेला. जुने मैदान १९६० मध्ये पाडण्यात आले. कायद्याने पाहता ओमॅली यांनी स्वतःची वस्तू एका जागेवरून दुसऱ्या जागी नेली. पण ज्या मुलांनी त्या संघाच्या नावाने आपले बालपण मोजले होते, त्यांना कोणी विचारले?

याच्या उलट चित्र जपानमध्ये दिसते. अमेरिकन शिक्षक होरेस विल्सन यांनी १८७२ च्या सुमारास तेथे बेसबॉल नेला आणि तो जपान्यांचा आवडता खेळ झाला. तेथील व्यावसायिक संघ बहुधा वृत्तपत्रे, रेल्वे अशा मोठ्या उद्योगांच्या मालकीचे असत. हिरोशिमाची गोष्ट निराळी होती. ६ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबाँबने ते शहर उद्ध्वस्त झाले; त्यानंतर पाच वर्षांतच, १९५० च्या हंगामात, ‘हिरोशिमा कार्प’ हा संघ मैदानात उतरला. त्याच्या पाठीशी कोणी बडा धनी नव्हता. पहिल्याच वर्षी संघ तळाशी राहिला, खेळाडूंचे वेतन थकू लागले, आणि १९५१ मध्ये संघ मोडण्याची अथवा दुसऱ्यात विलीन करण्याची बोलणी सुरू झाली. तेव्हा मैदानाच्या दाराशी मद्याची लाकडी पिंपे ठेवण्यात आली, आणि ज्यांची स्वतःची घरे अजून पुरती उभी राहिली नव्हती, अशा नागरिकांनी त्यांत आपली नाणी टाकली. संघ तगला. पुढे १९६८ पासून मोटारी बनविणाऱ्या मात्सुदा घराण्याकडे त्याची धुरा आली, आणि १९७५ मध्ये कार्पने प्रथमच आपल्या लीगचे विजेतेपद मिळविले. त्या विजयात पिंपातील नाण्यांचा वाटा कोणत्या हिशेबवहीत लिहावा?

तिसरी कसोटी : देश

आता आपण आंतरराष्ट्रीय स्पर्धांकडे वळू, कारण मालकाच्या वृत्तीची सर्वांत अवघड परीक्षा तेथे होते. पुढे जागतिक स्पर्धांत पहिली म्हणून गणली गेलेली स्पर्धा १९३८ मध्ये इंग्लंडमध्ये झाली आणि तीत ब्रिटनने अमेरिकेला हरविले, हे वाचून आज नवल वाटेल. १९९२ पासून २००८ पर्यंत बेसबॉलला ऑलिंपिकमध्ये पदके होती. त्या पाच स्पर्धांपैकी तीन क्यूबाने जिंकल्या. परंतु अमेरिकेतील संघमालक ऐन हंगामात आपले सामने थांबविण्यास तयार नसत. उत्तमोत्तम खेळाडू येत नाहीत, हे बेसबॉल ऑलिंपिकमधून वगळला जाण्याचे एक कारण ठरले. २०२१ मध्ये भरलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये तो एकवार परतला, २०२४ मध्ये पुन्हा नव्हता, आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस स्पर्धेसाठी त्याचा समावेश मंजूर झाला.

दरम्यान २००६ मध्ये ‘वर्ल्ड बेसबॉल क्लासिक’ ही स्पर्धा सुरू झाली. ती हंगामापूर्वी, मार्च महिन्यात भरते. त्यामुळे नामवंत खेळाडू आपापल्या देशासाठी खेळू शकतात. २००६ ते २०२३ या काळातील पाच स्पर्धांपैकी तीन जपानने, एक डॉमिनिकन प्रजासत्ताकाने आणि एक अमेरिकेने जिंकली.

या व्यवस्थेत मालकाला काय सोसावे लागते, ते १५ मार्च २०२३ रोजी दिसले. न्यूयॉर्क मेट्स संघाने एडविन डियाझ या पिचरशी पाच वर्षांसाठी १० कोटी २० लाख डॉलरचा करार नुकताच केला होता. ते आपल्या प्वेर्तो रिकोसाठी खेळले, सामना जिंकला, आणि विजयाच्या आनंदात उड्या मारताना त्यांचा गुडघा दुखावला. तो सबंध हंगाम मेट्सला त्यांच्यावाचून काढावा लागला. वेतनाची भरपाई विम्यातून होऊ शकते. हुकलेल्या खेळाची भरपाई कोठून होणार? मग धन्याने खेळाडूस सोडावे तरी का?

याचे उत्तर सहाच दिवसांनी, २१ मार्चला, मायामीच्या मैदानावर मिळाले. अंतिम सामन्याच्या शेवटच्या डावात जपान ३-२ असा पुढे होता. दोन गडी बाद झाले होते. चेंडू जपानच्या शोहेई ओतानी यांच्या हाती, आणि समोर बॅट घेऊन अमेरिकेचे कर्णधार माइक ट्राउट. हे दोघेही त्या वेळी लॉस एंजेलिस एंजल्स या एकाच संघाचे वेतन घेणारे सहकारी होते! ओतानींनी ट्राउट यांना बाद केले आणि जपान विजयी झाला. या दोघांची अशी गाठ एंजल्सच्या मैदानावर कधीच पडली नसती. मालकांनी त्यांना काही दिवस देशाच्या हवाली केले, म्हणून जगाला हा सामना पाहावयास मिळाला.

त्याच स्पर्धेत चेक प्रजासत्ताकाचा संघ आला होता. त्याचे प्रशिक्षक मज्जातंतूंचे डॉक्टर होते; खेळाडूंपैकी बहुतेक जण पोटासाठी दुसराच व्यवसाय करीत. ओंद्रेय सातोरिया या विजेचे काम करणाऱ्या पिचरने टोकियोत ओतानींना बाद केले. सामना चेक संघ हरला. पण कोट्यवधींचा धनी पाठीशी नसतानाही खेळावर जीव लावता येतो, हे त्याने दाखविले.

उपसंहार

वरील विवेचनावरून आमच्या मते निष्कर्ष असा निघतो की, धन्याचा पैसा संघाला उभा करतो, पण संघ केवळ त्याच्या पैशाचा नसतो. त्यात खेळाडूचे आयुष्य, गावाचे प्रेम आणि देशाचा मान ही तिघांची ठेव असते. ती ठेव सांभाळतो तो विश्वस्त. तिला नुसती जिंदगी समजतो तो मालक खरा, पण चांगला मालक नव्हे.

विद्यार्थिमित्रांनो, आपल्यापैकी कोणी उद्या संघ विकत घेईल की नाही, हे सांगता येणार नाही. पण गल्लीतील खेळात ज्याची बॅट त्याचा पहिला डाव, हा नियम आपण सर्व जाणतो. आणि बाद होताच बॅट काखेत मारून घरी जाणारा गडीही आपल्याला ठाऊक आहे. बॅट त्याचीच असते, यात संशय नाही. पण तो गेल्यावर दहा मुले रिकाम्या हातांनी उभी राहतात. आपली बॅट दुसऱ्याच्या हाती देऊन, ऊन उतरेपर्यंत क्षेत्ररक्षणास उभा राहणारा मुलगा आपल्या वर्गात असेल, तर या लेखाचा पुढचा पाठ त्याच्याकडूनच घ्यावा.