मध खाणारा : एका शब्दाची पुनर्रचना

रात्री सापाचे नाव घेऊ नये, त्याला 'जनावर' किंवा 'लांबडे' म्हणावे, असे वडीलधारी माणसे सांगत. नाव घेतले की तो येतो, ही त्यामागची भीती. अशाच भीतीतून युरोपातील एका प्राचीन भाषेत अस्वलाला नवे नाव मिळाले असावे. त्या नावाचा अभ्यास आपण या पाठात करणार आहोत.

रशियन, पोलिश, युक्रेनियन, स्लोव्हेन इत्यादी स्लाव्हिक भाषा ज्या एका भाषेतून निर्माण झाल्या, तिला आदिम स्लाव्हिक म्हणतात. ती सुमारे १५०० वर्षांपूर्वी बोलली जात होती. स्लाव्हिक लेखनाला मात्र इसवी सनाच्या ९ व्या शतकात आरंभ झाला. म्हणून अभ्यासक कन्याभाषांची तुलना करून मूळ शब्दरूप ठरवतात आणि त्यापूर्वी तारकाचिन्ह (*) देतात.

अस्वलाला रशियनमध्ये 'मेदव्येद', तर स्लोव्हेनमध्ये 'मेदवेद' म्हणतात. पोलिशमध्ये आरंभीच्या 'म'चा 'न' झाला. युक्रेनियनमध्ये वर्णांची अदलाबदल होऊन 'वेदमिद' झाले. या तुलनेतून *मेद्वेदि हे मूळ रूप मिळते.

या शब्दाचे घटक दोन : 'मध' या अर्थाचा *मेदु आणि 'खाणे' या अर्थाचा *एद्. संस्कृतातील 'मधु' आणि 'अद्' हे त्यांचेच सगोत्र शब्द होत. मनु + अंतर = मन्वंतर या संधीत 'उ'चा 'व' होतो; तसाच बदल येथेही दिसतो. ऋग्वेदात पक्ष्यांसाठी 'मध्वद', म्हणजे मध खाणारा, हा शब्द आलेला आहे.

पुढे ही रचना लोकांच्या विस्मरणात गेली. 'मेद' आणि 'वेद' असा विग्रह करून 'मध जाणणारा' असा अर्थ लावण्यात आला. स्लाव्हिकमध्येही 'वेद्' म्हणजे जाणणे. म्हणून हा अर्थ सहज पटतो. परंतु 'व' हा *मेदु मधील 'उ'चाच अवशेष आहे. केवळ अर्थ जुळल्याने व्युत्पत्ती सिद्ध होत नाही. प्रत्येक ध्वनीचा हिशेब लागावा लागतो.

अस्वलाचे मूळ नाव इतर भगिनीभाषांत टिकले : संस्कृत 'ऋक्ष', हिंदी 'रीछ', ग्रीक 'आर्क्टोस', लॅटिन 'उर्सुस'. स्लाव्हिक भाषांत मात्र ते लोपले. त्या नावाचा उच्चार शिकारी टाळत असावेत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. उच्चारायला माणसे भ्याली, तो शब्द नाहीसा झाला. त्याला झाकण्यासाठी योजलेला शब्द आजही बोलला जातो.

पाठगत प्रश्न
१. *मेद्वेदि या रूपातील 'व' कोठून आला?
२. तुमच्या परिसरात कोणत्या गोष्टींची नावे घेणे टाळतात? त्यांऐवजी योजले जाणारे शब्द लिहा.