ओरडणारे बदल, मुके बदल

रोहिणखेड म्हटलं की इतिहासाच्या माणसाला 1437 आणि 1590 च्या लढाया आठवतात. मी घाटाखालच्या याच गावात बसून रुबीत लिहिलेली जुनी सॉफ्टवेअरं सांभाळतो. त्यातलं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे कापसाची एक जिनिंग. काट्याची पावती, भाव, कटती, शेतकऱ्याचा चुकारा, एवढाच कारभार. डेटाबेसशी बोलायला 'सिक्वेल' नावाची लायब्ररी आहे. तिच्या आवृत्त्या बदलता बदलता जे पदरी पडलं, ते असं.

1. बदलांची नोंद शेवटून वाचावी.
सिक्वेल 2007 साली शॅरन रोझनर यांनी सुरू केली. 2008 पासून जेरेमी इव्हान्स ती सांभाळतात आणि जवळजवळ दर महिन्याला नवी आवृत्ती काढतात. नोंदीत आधी नव्या सोयी असतात, मग किरकोळ सुधारणा आणि तळाशी जुन्या कोडला बाधणारे बदल. जिनिंगला नव्या सोयी नकोच असतात. काल चाललं ते आज चालावं, एवढीच तिची मागणी. म्हणून मी तळापासून सुरुवात करतो. या नोंदी साध्या मजकुराच्या फाइलींत असतात. एकदा उतरवून ठेवल्या की लाईट आणि नेटवर्क दोन्ही गेलं तरी बॅटरीवर वाचता येतात. (ज्यांना हे क्षुल्लक वाटतं त्यांनी पावसाळ्यात इथं येऊन काम करून पाहावं.)

2. ओरडणाऱ्या बदलाला भिऊ नये.
सप्टेंबर 2017 मध्ये 5.0 आली तेव्हा बरीच मंडळी धास्तावली होती. पूर्वी नावात लागोपाठ दोन अंडरस्कोर दिले की आधीचा भाग टेबल आणि नंतरचा कॉलम, असं सिक्वेल आपणच समजून घेई. ते बंद झालं. आता ते अख्खं नाव कॉलमचंच धरलं जातं आणि डेटाबेस सांगतो, असा कॉलमच नाही. 'व्हेअर'मध्ये नुसती एसक्यूएलची ओळ दिली तर तीही सिक्वेल नाकारू लागली. बाहेरून टाइप केलेला मजकूर क्वेरीत घुसू नये म्हणून. हे दोन्ही बदल ती ओळ चालली की लगेच बोंब मारतात. जिथं बोंब, तिथं दुरुस्ती. दुपारभराचं काम.

3. भ्यावं ते मुक्या बदलाला.
त्याच 5.0 मध्ये आणखी एक बदल होता. रेकॉर्ड साठवण्याआधी चालणाऱ्या हुकमधून 'फॉल्स' परत केलं की साठवणं थांबे. जिनिंगच्या कोडमध्ये नेमकी अशी एक ओळ होती: वजन शून्य किंवा कमी असेल तर फॉल्स. 5.0 पासून त्या फॉल्सला काही अर्थ उरला नाही. थांबवायचं असेल तर 'कॅन्सल ॲक्शन' असं स्पष्ट सांगावं लागतं. चाचणीच्या प्रतीत मी शून्य वजनाची पावती टाकून पाहिली. जुन्या आवृत्तीने ती अडवली. नवीने गुपचूप साठवली, वर अनुक्रमांकही दिला. कुठं एरर नाही की लॉगमध्ये अवाक्षर नाही. रुबीतल्या रेल्स या वेब फ्रेमवर्कनेही 2016 च्या 5.0 मध्ये हाच बदल केला, तिथं 'थ्रो अबॉर्ट' लिहावं लागतं. बदल योग्यच आहे, कारण हुकच्या शेवटच्या ओळीचं उत्तर योगायोगाने फॉल्स आलं म्हणून रेकॉर्ड अडणं हा जुना वैताग होता. पण योग्य बदलही हिशेब बिघडवू शकतो.

4. इशारा न दिसणं म्हणजे इशारा नसणं नव्हे.
5.0 च्या आधीच्या 4.4x आवृत्त्या जाणाऱ्या गोष्टींबद्दल इशारे देत होत्या. शहाण्याने आधी 4.49 वर यावं, ते इशारे वेगळ्या फाइलीत वळवावेत, एकेक मिटवावा आणि मगच पुढं जावं. यात एक मेख आहे. हुकचा इशारा हुकने खरोखर फॉल्स परत केलं तरच येतो. हंगामभर कुणी शून्य वजन टाकलंच नाही तर फाइल कोरी, आणि आपण निर्धास्त. म्हणून चाचणीत वाकडी पावती मुद्दाम टाकावी लागते: शून्य वजन, रिकामा भाव, नसलेला शेतकरी.

5. लायब्ररीखालची लायब्ररी विसरू नये.
जानेवारी 2018 मध्ये पोस्टग्रेस डेटाबेसशी जोडणाऱ्या 'पीजी' या जेमची, म्हणजे रुबीच्या लायब्ररीची, 1.0 आली. तेव्हाच्या रेल्सला 0.18 पासूनची 0 ची मालिकाच हवी होती. जेमफाइलमध्ये आवृत्ती न लिहिता नव्याने बंडल करणाऱ्यांना रेल्स सांगू लागलं की जेमफाइलमध्ये पीजी घाला. ते तर आधीच घातलेलं! आवृत्ती लिहावी, लॉकफाइल जपावी. यावर याहून जास्त बोलण्यासारखं काही नाही.

6. निकाल दिवाणजींकडून घ्यावा.
"साहेब, पावत्या तं बरोबर निंघून राह्यल्या, मंग कायले हात लावता?" हा जिनिंगच्या दिवाणजींचा प्रश्न रास्त असतो. त्यांना हुक समजावण्यात अर्थ नाही. मी गेल्या हंगामाच्या पावत्या जुन्या आणि नव्या आवृत्तीतून दोन वेगळ्या डेटाबेसांत चालवतो आणि दोन्हींचा शेतकरीवार चुकारा शेजारी शेजारी छापून त्यांच्यापुढं ठेवतो. ते चष्मा लावून बोट फिरवत खाली येतात आणि एकूण रकमेआधी कटतीचा रकाना बघतात. तो जुळला की सही करतात. हे सगळं कापूस यायच्या आधी उरकतं. काटा सुरू झाला की पुढची आवृत्ती कितीही चांगली असो, उन्हाळ्यापर्यंत थांबते.